रेषेच्या किंचित मागे

तो दुकानात शिरला तेव्हा चष्म्याची एक काडी त्याच्या हातात होती आणि उरलेला चष्मा नाकावर तिरका लटकत होता. माझा जन्म असले चष्मे सरळ करण्यात चाललाय, त्यामुळे त्याचं मला काही नवल नव्हतं. नवल याचं, की हा माणूस डोळे मिटून गात होता. भर दुकानात, काउंटरला टेकून!

मी आत काच घासत होते. काच घासायच्या मशीनला एक लांबलचक सूर असतो. बाकीच्यांना ती घरघर वाटते, मला सूर वाटतो, आणि असली वेडी जगात मी एकटीच अशी माझी समजूत होती. हा बाबा त्याच सुराला सूर लावून उभा होता... म्हणजे, अगदी तोच नाही. त्याच्या जरासा खाली. पण आवाज असा मऊ, नुकत्याच झोपेतून उठल्यासारखा, की त्या 'जरासा'कडे कोण लक्ष देतंय!

मी मशीन बंद केलं. त्याने डोळे उघडले.

"बंद का केलंत? छान जमलं होतं आमचं."

"मशीनशी?"

"हो. त्याची काही तक्रार नव्हती."

"काडी द्या इकडे." मी हात पुढे केला. "स्क्रू पडलाय. चष्म्यावर बसलात की चष्मा घालून झोपलात?"

"गात होतो. वरच्या सुराला मान झटकली आणि—"

"मग लागला का सूर?"

 तो हसला. "चष्मा तरी निघाला."

स्क्रू बसवताना त्याचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, तिन्हींच्या टोकांना लाल वळ होते. सकाळीच सराव केला होता.

"हे कशाने?"

"गिटारच्या नख्या."

"तीन नख्या?" त्याने डोळे बारीक केले. "पेडल स्टील?"

इथेच मी अर्धी गेले. ही गिटार कुणाला माहीत नसते हो! घरी येणारी माणसं तिला इस्त्रीचं टेबल समजतात. आणि हा नाव घेऊन विचारतोय.

"कुणाच्या मागे वाजवता?"

"कुणाच्याच नाही. अजून शिकतेय. अगदी कच्ची आहे मी."

"उत्तम!" तो म्हणाला.

आता, कच्ची आहे म्हटल्यावर लोक 'अरे वा' म्हणतात, फार तर 'शिकलात की कळवा' म्हणतात. 'उत्तम' कुणी म्हणत नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी पट्टी काढली होती आणि त्याच्या डोळ्यांमधलं अंतर मोजत होते. स्क्रू बसवायला ते कशाला लागतं, हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"सरळ माझ्या नाकाकडे बघा."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

मी जरा उशिराच सांगितलं.

* * *

गिटार माझ्या मावशीची. मी राहते तिच्याकडेच. तिने तरुणपणी हॉटेलांमधून कितीतरी गायक-गायिकांच्या मागे वाजवलं, आणि मग तिचे गुडघे गेले. गुडघे गेले की हे वाद्य संपलं, कारण ते सगळ्या अंगाने वाजवायचं असतं. गिटार समोर टेबलासारखी आडवी. उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारांवरून सरकवायची. डाव्या पायाखाली पेडल, ती दाबली की तार ताणली जाऊन सूर चढतो. गुडघ्यांनी दांडे ढकलायचे. उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायची वेगळी पेडल. मावशी म्हणते, हे वाद्य वाजवणारा माणूस बसल्या जागी जिना चढत असतो.

आणि महत्त्वाची गोष्ट ही, की कांडी कुठे ठेवायची हे ठरलेलं नसतं. खाली रेषा आखलेल्या असतात, पण त्या नुसत्या दिसायला. कांडी रेषेच्या बरोबर वर आली तर सूर बरोबर. केसभर मागे राहिली तर सूर उतरला, पुढे गेली तर चढला. तुम्हाला अडवणारं काही नाही. तुमचा कान काय तो राखणदार.

"आणि गाणाऱ्याच्या मागे वाजवताना," मावशी मला पहिल्या दिवसापासून बजावत आली, "तो बोलत असेल तर आपण गप्प. त्याने श्वास घेतला की तेवढ्यात आपलं सांगून मोकळं व्हायचं. पुन्हा गप्प. तुझ्या स्वभावाला हे अवघड आहे, पण बघ."

स्वभाव माझा माहितीच आहे तिला.

तो फर्निचरच्या दुकानात गाद्या आणि सोफे विकायचा. दुकानामागच्या गोदामात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सोफ्यांच्या मधोमध त्यांचा सराव चाले. त्यांचा म्हणजे त्याचा आणि ड्रमवाल्याचा. ड्रमवाल्याला सगळे ढोल्या म्हणत. तो काडीसारखा होता.

"बाकीचे कुठे आहेत?" मी पहिल्या दिवशी विचारलं. "पियानो, साधी गिटार, काहीतरी?"

"होते," गवई म्हणाला. मी त्याला पहिल्या दिवसापासून गवईच म्हणत आले. "पटलं नाही."

"कुणाचं कुणाशी?"

"त्यांचं माझ्याशी. त्यांना ऐकताच येत नाही. आपलंच वाजवत सुटतात."

ढोल्या एकदम वाकून ड्रमचा स्टँड घट्ट करायला लागला. तो आधीच घट्ट होता.

पहिलं गाणं मी मातीत घातलं. तो एक शब्द म्हणे, मी तीन सूर वाजवी. तो दुसरा शब्द म्हणे, मी त्याच्या अंगावरून कांडी घसरत नेई. शेवटी तो थांबला, एका सोफ्याच्या हातावर बसला आणि हात जोडले.

"चष्मेवाल्या बाई, मी मध्ये थोडं बोललो तर चालेल का?"

ढोल्या फिस्सकन हसला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"सॉरी. मला कळत नाही तुम्ही कधी थांबणार ते."

"मग बघा ना माझ्याकडे. खाली काय बघत बसता?"

बघायला लागले. तीच तर चूक झाली! बघता बघता मला कळलं, की श्वास घेण्याआधी त्याचा डावा खांदा किंचित वर येतो. तो खांदा हलला की माझा उजवा पाय आपोआप खाली जायचा, आवाज उघडायचा, आणि त्याचा शब्द जिथे संपला तिथून माझी तार निघायची. मग तो पुन्हा तोंड उघडी, मी मिटून घेई. बाहेर पत्र्यावर पावसाची भुरभुर चालू असायची, आत प्लास्टिकचा वास, आणि मी एका माणसाच्या खांद्याकडे टक लावून बसलेली. दुकानात माणसांचे डोळे बघून बघून कंटाळलेली मी, मला एका खांद्याचं वेड लागलं.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कुणालाच कळलं नाही. बहुतेक गिटारची पेटी उचलताना. ती एकट्याने उचलत नाही. एक बाजू त्याने धरायची, एक मी, आणि पायऱ्यांवरून उतरताना तो उलटा चालायचा.

"खाली बघ, पडशील," मी म्हणायची.

"तू आहेस ना खाली बघायला."

"आणि तू काय बघणार?"

"सांगू?"

"नको. पेटी पडेल."

एकदा गाणं संपलं आणि तो नुसता उभा राहिला. ढोल्या पाणी आणायला गेला होता. लांबवलेला शेवटचा सूर आम्ही दोघांनी एकत्र सोडला होता, इतका एकत्र, की त्याचा कुठला आणि माझा कुठला हे मलाही सांगता आलं नसतं. त्याने माझा उजवा हात उचलला, तिन्ही बोटांवरच्या नख्या एकेक करून काढल्या आणि खाली उमटलेल्या वळांवर अंगठा फिरवला.

"तुला माहितीये," तो म्हणाला, "माझ्यासोबत इतकं कुणी आलं नव्हतं."

"कुठे?"

"जिथे मी जातो तिथे."

  मी पार बुडाले होते.

* * *

शहरातल्या मोठ्या हॉटेलच्या मालकीणबाई पूर्ण मोसमासाठी गायक शोधत होत्या. त्यांनी एका शनिवारी सगळ्यांना त्यांच्याच हॉलमध्ये गायला बोलावलं होतं. समोर नेहमीचे पाहुणे बसणार, बाई मागे उभ्या राहून ऐकणार. गवईला कळलं तेव्हा तो थेट दुकानात आला. मी एका आजोबांना नवा चष्मा लावून देत होते.

"हे जमलं ना," तो आजोबांच्या डोक्यावरून म्हणाला, "तर सोफे सुटले. मग मी तुझ्या मावशीकडे येणार. रीतसर विचारायला."

"काय विचारायला?"

"गिटार विकत देणार का म्हणून," तो म्हणाला, आणि लाल झाला.

"हो म्हण, पोरी," आजोबा म्हणाले. "माणूस स्पष्ट दिसतोय आता मला. बरा आहे."

त्या संध्याकाळी मी तरंगतच घरी गेले. मावशीला म्हटलं, शनिवारचं गाणं ऐक. ती पलंगावर पाय पसरून बसली. "वाजव. शब्द मी म्हणते." मावशीचा आवाज खरखरीत झालाय, पण सुराला पक्की आहे. तिने सुरुवात केली, मी मागे गेले. पहिलाच लांब सूर आला आणि ती थांबली.

"कांडी कुठे आहे?"

"रेषेवर."

"नाहीये."

"मावशी, तू तिकडून तिरकं बघतेस. तिरकं बघितलं की रेषा सरकल्यासारखी वाटते. मी दिवसभर लोकांना हेच समजावते."

"मग तू बघ. बरोबर वरून."

मी मान पुढे घेतली. एक डोळा मिटला, जसा काच बसवताना मिटते. कांडी रेषेच्या मागे होती. फार नाही. किंचित. हात चुकला असेल म्हणून मी ती पुढे नेऊन रेषेवर ठेवली आणि तार छेडली.

सूर मला चढा वाटला. कानाला टोचला.

"तारा बघ ना. चढल्यात बहुतेक," मी म्हटलं.

"सकाळी मी लावल्यात. गिटार सुरात आहे." मावशी थांबली. "तू नाहीयेस."

 पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. जे बरोबर होतं ते मला चूक ऐकू येत होतं, आणि हात आपसूक मागे सरकून 'बरोबर' शोधत होता. कुणाच्या सुरापर्यंत सरकत होता, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

"उंच आहे का तो?" मावशीने विचारलं. "श्वास घ्यायच्या आधी खांदा उचलतो? डावा?"

मी मान हलवली.

"माझ्याकडे आला होता. तू इथे राहायला यायच्या आधी. आवाज सोन्यासारखा, पण लांब सुरावर बसकण मारतो. मी म्हटलं, बाळा, मी वाजवीन, पण मी खाली येणार नाही, तू वर ये. चहा अर्धा टाकून गेला." ती गुडघे चोळायला लागली. "पियानोला खाली सरकता येत नाही. साध्या गिटारलाही येत नाही. आपल्याला येतं. आणि मुरलेला वादक सरकत नाही, म्हणून त्याला कच्चा हवा होता. कच्च्याला वाटतं, गाणारा म्हणेल तोच सूर."

उत्तम, म्हणाला होता तो. उत्तम!

"काय होतं असं वाजवत राहिलं तर?"

"गाणं छानच होतं. ऐकणाऱ्याला कळतही नाही. फक्त तुझा कान जातो. आणि या वाद्यात कानाशिवाय आहे काय? पुढे दुसऱ्या कुणाच्या मागे बसलीस तर तुला सगळं जग चढं लागेल." मग ती हळूच म्हणाली, "आवडतो का तो तुला?"

"खूप," मी म्हटलं, आणि कांडी मांडीवर ठेवून रडले.

* * *

दुसऱ्या दिवशी मी गोदामात लवकर गेले. तो एका गादीला लेबल चिकटवत होता. मी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. कांडीचं, रेषेचं, मावशीचं. मला वाटलं तो चिडेल, नाही म्हणेल. तो लेबलावरचे बुडबुडे बोटाने दाबत राहिला.

"माहितीये मला," तो म्हणाला.

"म्हणजे तू दुकानात मला..."

"हो. आधी त्यासाठीच." त्याने वर पाहिलं. "नंतर नाही. नंतरचं खरं आहे."

"मला कसं कळणार कुठून खरं आहे ते?"

 तो गादीच्या कडेवर बसला. "शाळेत आम्ही चाळीसेक पोरं एकत्र गायचो. मास्तरांनी एकदा हात वर करून सगळ्यांना थांबवलं, आणि मला म्हणाले, तू खाली बस, तुझ्यामुळे बाकीचे बिघडतात. सगळे उभे आणि मी बसलेला. गाणं संपेपर्यंत. त्यानंतर जो कुणी माझ्यासोबत वाजवायला आला, त्याच्या तोंडावर मला तो मास्तर दिसायचा. तुझ्या तोंडावर नाही दिसला. तुझ्याबरोबर गाताना मी बेसूर नसतो, कळतंय का तुला? सगळ्या जगात एकाच ठिकाणी नसतो."

याहून गोड कुणी मला काही म्हटलेलं नाही. पुढेही म्हणेल असं वाटत नाही.

"पण माझा कान चाललाय रे."

"थोडासाच ना."

ते 'थोडासाच' माझ्या जिव्हारी लागलं. त्यालाही कळलं बहुतेक, कारण तो लगेच उठला. "बरं. बरं, करून बघू. तू रेषेवर थांब, मी येतो वर."

करून बघितलं. मी सूर धरला. तो त्याच्या नेहमीच्या जागी आला आणि दोघांच्या मध्ये ती थरथर उठली, जवळजवळ असलेले दोन सूर एकमेकांवर घासल्यावर उठते तशी. त्याचा चेहरा आक्रसला. तो चढला, चढला, आणि एक क्षण थरथर थांबली. एकच क्षण. गोदाम भरून गेलं. मी आनंदाने ओरडणार तेवढ्यात त्याने गाणं सोडून दिलं.

"नको. दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखं वाटतं."

"अरे लागला होता!"

"मला नाही आवडला."

शनिवारपर्यंत मी रोज सकाळी मावशीसमोर बसून कान पुन्हा जागेवर आणत होते आणि संध्याकाळी गोदामात घालवत होते.

* * *

हॉटेलचा हॉल लांबट होता, जाड पडदे, गोल टेबलं. मालकीणबाई मागे खांबाजवळ हाताची घडी घालून उभ्या होत्या. पडद्यामागे मी नख्या चढवत होते, तेव्हा तो आला. नवा शर्ट, केसांना पाणी.

"एक मागू?"

"माग."

"आजचा दिवस खाली ये. आज फक्त. उद्यापासून तू म्हणशील तसं शिकेन, मावशीपुढे बसेन, कान धरून बसेन. पण आज मला त्या माणसांसमोर तसं... खाली बसायला लावू नकोस."

त्याचे हात गार पडले होते. मी ते धरले. "बघू," म्हटलं. हो म्हणवलं नाही आणि नाही तर त्याहून नाही.

पहिलं कडवं मी त्याच्यासोबत गेले. खोटं कशाला सांगू, सुख होतं ते. खांदा उचलला, पाय दाबला, त्याने सोडलेलं मी उचललं. लांब सूर आला, तो खाली उतरला आणि मी त्याच्याबरोबर सरकले. टेबलांवरची माणसं बोलायची थांबली होती. त्याने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, जाऊ दे तो कान, काय करायचाय!

दुसऱ्या कडव्यात तो सूर पुन्हा आला. या वेळी मी मुद्दाम सरकले नव्हते. मला वाटत होतं मी रेषेवर आहे. तसंच ऐकू येत होतं, अगदी बरोबर, अगदी गोड. सहज खाली नजर गेली तर कांडी मागे होती.

 मी खाली आहे हे मला कळलंसुद्धा नव्हतं! रोज सकाळी मावशीपुढे घासूनपुसून जागेवर आणलेलं ते एका गाण्यात गेलं होतं. याच्यामागे पूर्ण मोसम वाजवायचं. मग लग्न करायचं, मग आयुष्यभर वाजवायचं. आणि एक दिवस तो म्हणेल ते सगळंच मला बरोबर ऐकू यायला लागेल.

तिसरं कडवं. सर्वांत लांब सूर तिथे होता. त्याने श्वास घेतला. मी मान पुढे काढली, बरोबर वरून बघितलं, कांडी रेषेवर ठेवली आणि हात तिथेच दाबून धरला. कानाला टोचत होतं. टोचू दिलं.

तो खाली आला आणि मी तिथे नव्हते.

थरथर उठली. पुढच्या टेबलावरच्या बाईने चमचा खाली ठेवला. त्याने वळून पाहिलं. ये ना, असं ती नजर म्हणत होती, ये ना खाली, प्लीज. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डावा हात लाकडासारखा. मी आवाज वाढवला नाही, कमी केला नाही. मी फक्त हलले नाही.

मग तो चढला. रागाने चढला असेल, भीतीने चढला असेल. मानेची शीर दिसायला लागली. थरथर सावकाश झाली, आणखी सावकाश... आणि थांबली. दोन सुरांचा एक झाला. त्याने तो सोडला नाही. श्वास संपेपर्यंत धरला, आणि त्या हॉलमध्ये असं काही भरून राहिलं, की ढोल्या ठोका द्यायचं विसरला.

टाळ्या थांबेनात. मालकीणबाई खांब सोडून पुढे आल्या. "तुम्ही दोघं," त्या म्हणाल्या, "सोमवारपासून." ढोल्या मध्येच म्हणाला, "आणि मी?" त्या म्हणाल्या, "तुम्हीही."

* * *

मागच्या बोळात मी वायरी गुंडाळत होते. तो आला. नेहमीसारखा गिटारच्या पेटीची एक बाजू धरून उभा राहिला, पण उचलली नाही.

"चांगला गायलो ना मी?"

"इतका चांगला तू कधीच गायला नाहीस."

"माहितीये." तो पेटीच्या कडीशी चाळा करत होता. "ऐकलं मी स्वतःला. पहिल्यांदा."

"मग हस की, वेड्या."

"मला आयुष्यात तुझ्याइतका राग कुणाचा आला नाही," तो म्हणाला. अगदी शांतपणे. "मास्तरचासुद्धा नाही. तो परका होता."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर." शेवटी मीच म्हटलं. रीतसर विचारायचं त्याने ठरवलं होतं, आणि म्हटलं मी, कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी राहून. "मी खाली आले असते तर तू तिथेच राहिला असतास. आणि मीही."

"मला तिथेच राहायचं होतं. तुझ्याबरोबर."

"आता वर राहू की. दोघं. लागला ना आज सूर!"

"लागला. पण यापुढे प्रत्येक वेळी तोंड उघडलं की माझं लक्ष तुझ्या हाताकडे जाणार. हलतेय की नाही. आत्ता चुकलो का, आत्ता चुकलो का. मला नाही जमणार तसं गायला. आणि तसं... घरात राहायलाही नाही जमणार." त्याने चष्मा काढून बाहीला पुसला. "तू बरोबर होतीस. त्याचंच तर मला काही करता येत नाही."

मी खूप बोलले. रागाने बोलले, हात धरून बोलले. गाणारा बोलत असेल तर गप्प बसायचं असतं, पण तो आता काही बोलतच नव्हता. शेवटी त्याने पेटी उचलली, मी दुसरी बाजू धरली. मावशीच्या गाडीपर्यंत आम्ही नीट चालत गेलो. तो उलटा चालला नाही. पेटी आत ठेवल्यावर तो म्हणाला, "सांभाळून ने." आणि गेला.

सोमवारी तो हॉटेलवर आलाच नाही. मालकीणबाईंनी दुसरी गायिका घेतली आणि मला ठेवलं. ढोल्या माझ्या मागेच बसतो. त्याच्याकडून कळतं, की गवई अजून सोफे विकतो आणि एका चहाच्या दुकानात रविवारी गातो. त्याला साथीला एक कॉलेजातली व्हायोलिनवाली मुलगी मिळालीय. नुकतीच शिकायला लागलीय म्हणे, पण हात मऊ आहे, आणि त्याच्याकडे टक लावून बघत वाजवते.

"छान वाजतं का त्यांचं?" मी विचारलं.

"फार छान," ढोल्या म्हणाला, आणि मग त्याला वाईट वाटलं.

माझा कान परत आला. मावशीने आणला, रोज सकाळी, एकेक सूर करून. आता कुणीही गायला उभं राहू दे, मी बरोबर जागेवर असते. ज्यांचा सूर डळमळतो ते मुद्दाम मला मागतात. परवाच एक मोठी गायिका म्हणाली, "तुझ्यावर डोळे मिटून विसंबता येतं बाई, तू ढळत नाहीस." मी थँक्यू म्हटलं. ती गेल्यावर पडद्यामागे बसून राहिले, आणि मला वाटलं, त्या एका दिवशी मी ढळले असते तर किती बरं झालं असतं.